कुत्र्याचे काम मुले महिनाभरात सोडून देतात : कारणे आणि उपाय

पिल्लू घरात येते त्या आठवड्यात त्याला कोण भरवणार यावरून मुलांची भांडणे लागतात आणि महिना उलटला की त्याच पिल्लाची पाण्याची वाटी दुपारी कोरडी पडलेली आढळते. मग आई शाळेतून आलेल्या मुलाला दारातच विचारते, "टायगरला घातलंस का न्हाई?" मुलगा बहिणीकडे बोट दाखवतो, बहीण आजीकडे बघते, आणि आजी सांगते की तिने सकाळीच अर्धी भाकरी दुधात कुस्करून घातली आहे. कोल्हापुरात पेठेतल्या घरांत काय किंवा उपनगरातल्या बंगल्यांत काय, हा प्रसंग इतका ठरलेला आहे की त्याला मुलांचा आळस म्हणून मोकळे होणे सोयीचे वाटते. परंतु बारकाईने पाहिल्यास बहुतेक वेळा दोष कामाच्या वाटणीत सापडतो, आणि काही वेळा मुलाच्या मनात दडलेल्या भीतीत.

कोणताही उपाय करण्यापूर्वी एक व्यवस्था त्याच दिवशी करावी. जे काम एक दिवस चुकले तरी कुत्र्याला अपाय होईल, ते मुलाच्या एकट्याच्या भरवशावर ठेवू नये. पिण्याचे पाणी, दोन वेळचे खाणे, औषध, लसी, जंतांची गोळी आणि रस्त्यावर फिरवणे या सर्वांचा अंतिम हिशेब घरातल्या एका मोठ्या माणसाकडे असला पाहिजे, मग ते काम प्रत्यक्षात मुलाच्या हातून होत असले तरी. "तुमचीच हौस होती, आता तुम्हीच बघा" असे म्हणून हात झटकणारे बाबा मुलाला धडा शिकवत असल्याच्या समजुतीत असतात, मात्र त्या धड्याची किंमत उपाशी राहून कुत्रे मोजत असते. मोठ्यांनी हिशेब आपल्याकडे घेतला की घरातला ताण उतरतो आणि मुलाची सवय कुठे मोडते हे शांतपणे शोधता येते.

घातले की नाही, हेच कळत नाही

सर्वांत अधिक आढळणारा बिघाड हा आहे, आणि तो सर्वांत सोपा आहे. "कुत्र्याकडे बघ" हे काम म्हणून फारच मोघम आहे. ते कधी सुरू होते, कधी संपते आणि झाले की नाही हे कशावरून ओळखायचे, यांपैकी काहीच मुलाला ठाऊक नसते. परिणामी कुत्र्याला एके दिवशी तीनदा खायला मिळते आणि दुसऱ्या दिवशी एकदाही मिळत नाही. कुत्री याचा फायदा घेण्यात पटाईत असतात, पोट भरलेले असले तरी भुकेचा आव सहज आणतात.

यावर विचारपूस वाढवण्यापेक्षा डब्याची पद्धत लावावी. मोठ्या माणसाने सकाळी दिवसभराचे खाणे मोजून एका झाकणाच्या डब्यात काढून ठेवावे, आणि जो कोणी घालेल त्याने त्या डब्यातूनच घालावे. डबा अर्धा असेल तर एक वेळचे झाले, रिकामा असेल तर दोन्ही वेळचे झाले. कोणाला काही विचारावे लागत नाही. घरी शिजवलेले अन्न देत असल्यास दोन छोटे डबे फ्रिजमध्ये ठेवावेत. पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला दोन वेळा खाणे पुरते, दोन ते चार महिन्यांच्या पिल्लाला मात्र तीन-चार वेळा थोडे थोडे लागते, त्यामुळे पिल्लू असेपर्यंत दुपारची वेळ शाळकरी मुलावर टाकणे व्यवहार्य नाही.

पाण्याचे तसेच. साधारण किलोमागे 50 ते 60 मिलिलिटर पाणी कुत्र्याला दिवसाला लागते, म्हणजे वीस किलोचे कुत्रे लिटरभर तरी पिते आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याहून अधिक. वाटीत पाण्याची भर घालत राहण्यापेक्षा सकाळी ती घासून, बुळबुळीतपणा काढून, पुन्हा भरणे हे सात-आठ वर्षांच्या मुलाला झेपणारे आणि डोळ्यांना दिसणारे काम आहे. ते काम एखाद्या आधीपासून रुळलेल्या गोष्टीला जोडावे. उदाहरणार्थ, शाळेची स्वतःची पाण्याची बाटली भरली की लगेच कुत्र्याची वाटी. घड्याळातल्या वेळेला जोडलेले काम सुट्टीच्या दिवशी निसटते, सवयीला जोडलेले सहसा निसटत नाही.

दोन भावंडे असतील तर एक दिवस तू आणि एक दिवस मी अशी वाटणी टाळावी, कारण आज कोणाचा दिवस यावर वाद घालण्यात ती वाटणी संपते. कामे वाटावीत, दिवस वाटू नयेत.

पाहुणे आणि रविवारचे मटण

कोल्हापुरी घरात कुत्र्याच्या खाण्याची शिस्त मुलांपेक्षा पाहुण्यांमुळे अधिक बिघडते. रविवारी तांबडा-पांढरा झाला की ताटातली नळी कुत्र्यापुढे टाकण्याचा मोह कोणालाही आवरत नाही. शिजलेले हाड चावताना त्याच्या टोकदार कपच्या निघतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुतू शकतात. रश्शात कालवलेली भाकरी निरुपद्रवी वाटते, परंतु त्यातला कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतात, आणि त्याची लक्षणे काही दिवसांनी दिसत असल्याने कोणाला त्या जेवणाची आठवणही राहत नाही. द्राक्षे आणि बेदाणे तर मूत्रपिंड निकामी करू शकतात, आणि किती खाल्ले तर चालेल याचे खात्रीचे प्रमाण नाही. तासगावची द्राक्षे आणि बेदाणे आपल्या घरोघरी येतात, तेव्हा शिऱ्यातले किंवा खिरीतले बेदाणे मुलांनी प्रेमाने भरवणे अगदी संभवते. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे च्युइंगम हेही तितकेच वर्ज्य. यांपैकी काही पोटात गेल्याचे कळले तर लक्षणांची वाट न पाहता, काय आणि किती खाल्ले हे सांगून पशुवैद्यांना लगेच विचारावे.

येथे मुलाला एक अधिकार देऊन पाहावा. पाहुणे जेवायला बसले की कुत्र्याला काय घालायचे आणि काय नाही, हे सांगण्याचे काम त्याचे. "काका, त्याला हाडूक घालू नका, त्याच्या आतड्याला लागतं" असे मोठ्या माणसाला सांगण्याची परवानगी मिळालेले मूल ते नियम स्वतः कधी विसरत नाही. काकांना राग आला तर तो आईवडिलांनी झेलावा.

मूल जवळ गेले की कुत्रे गुरगुरते

मुलाने अचानक खायला घालणे बंद केले आणि विचारल्यावर "मला नाही आवडत" एवढेच उत्तर मिळाले, तर आधी ही शक्यता तपासावी. कुत्रे एकदा गुरगुरलेले असते, मूल घाबरलेले असते, आणि कुत्र्याला मार बसेल किंवा त्याला कोणी घरातून नेईल या धास्तीने ते सांगत नाही. मुलाला रागावून पुन्हा वाटीपाशी पाठवणे हा या स्थितीतला सर्वांत घातक उपाय आहे.

कुत्रे खात असताना मोठ्या माणसाने तीन-चार पावलांवर उभे राहून पाहावे. कोणी जवळून गेल्यावर त्याचे चावणे क्षणभर थांबते का, मान वाटीवर आणखी खाली जाते का, अंग ताठरते का, मान न हलवता ते डोळ्याच्या कडेने पाहते आणि डोळ्यातला पांढरा भाग दिसतो का, हे पाहायचे. शेपूट हलत असली तरी अंग ताठ असेल तर ते खुशीचे लक्षण मानू नये. गुरगुरणे हा यानंतरचा टप्पा आहे, आणि चावा त्याच्याही नंतरचा. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारले तर ते गुरगुरणे सोडते, अन्नाबद्दलची धास्ती सोडत नाही. पुढच्या वेळी ते सूचना न देता दात लावते. "आमचा कधी गुरगुरला नाही, एकदम चावला" अशी तक्रार करणाऱ्या घरांत पूर्वी हेच घडलेले असण्याची शक्यता मोठी असते.

उपाय संथ आहे. पहिले काही दिवस मुलाने खायला घालणे पूर्ण थांबवावे. वाटी येण्याजाण्याच्या वाटेवरून उचलून अशा कोपऱ्यात ठेवावी जिथे कुत्र्याला पाठीमागून कोणी येण्याची चिंता राहणार नाही. पुष्कळ घरांत ती जिन्याखाली किंवा स्वयंपाकघराच्या दारात असते, म्हणजे प्रत्येक घासाला कोणीतरी अंगावरून जाते. मग मोठ्या माणसाने लांबून जाताना वाटीत उकडलेल्या चिकनचा बिनहाडाचा तुकडा टाकावा आणि न थांबता पुढे जावे. दिवसागणिक अंतर थोडे थोडे कमी करावे, आणि कुत्रे ताठरले की पुन्हा मागे यावे. माणूस जवळ आला की वाटीतले कमी होत नाही, उलट वाढते, हे कुत्र्याला उमगायला वेळ लागतो. ते मोठ्यांच्या बाबतीत पक्के झाल्यावरच, मोठ्या माणसाच्या उपस्थितीत आणि लांबून, मुलाने तुकडा टाकण्यास सुरुवात करावी. मालक कोण हे कळावे म्हणून खाताना वाटीत हात घालण्याची किंवा मधेच वाटी ओढून घेण्याची जी जुनी रीत सांगितली जाते, तिने ही धास्ती वाढतेच.

चपलेचे प्रकरण याच जातीचे आहे. कोल्हापुरी चप्पल म्हणजे कुत्र्याच्या दृष्टीने कमावलेले कातडेच. ती तोंडात घेऊन कुत्रे पळते, मुले आरडाओरडा करत मागे धावतात, पलंगाखाली त्याला कोंडतात आणि हात घालून चप्पल ओढतात. चाव्याचे असे प्रसंग पलंगाखालीच घडतात. मुलांना एकच नियम द्यावा की कुत्र्याच्या तोंडात काही असेल तर मोठ्यांना हाक मारायची. मोठ्यांनी त्याहून चांगला खाऊ थोड्या अंतरावर टाकून अदलाबदल करावी, आणि चपला दाराबाहेरच्या मांडणीवर उंच ठेवाव्यात. झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, गळ्यात मिठी मारायची नाही, आणि ते स्वतःहून उठून गेले तर मागे जायचे नाही, हे तीन नियम त्याला जोडून घ्यावेत. सहा वर्षांखालच्या मुलाला आणि कुत्र्याला, ते कितीही गरीब स्वभावाचे असो, एकटे सोडू नये. लहान मुलांना होणाऱ्या चाव्यांत चेहरा आणि मान यांचे प्रमाण मोठे असते, कारण त्यांचे तोंडच कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला असते.

दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना यांपैकी काहीही भरू नये, पट्टी घट्ट बांधू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीजची लस सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते, कोल्हापुरात त्यासाठी छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालय आहे. आपलेच कुत्रे आहे, त्याला लस दिलेली आहे, तेव्हा काही करायला नको, हा निर्णय घरात घेऊ नये, तो डॉक्टरांनी घ्यावा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून सांगितलेल्या तारखांची सर्व इंजेक्शने पूर्ण करावीत. नखाचा ओरखडा असला तरी हीच रीत. मुलांना मात्र एक गोष्ट आधीपासून सांगून ठेवलेली असावी की चावल्याचे किंवा ओरबाडल्याचे सांगितल्यास कोणीही रागावणार नाही आणि कुत्र्यालाही मार बसणार नाही. हे वचन मोडले तर पुढचा ओरखडा घरात कोणाला कळणार नाही.

फिरवायला नेले की कुत्रेच मुलाला ओढते

रंकाळ्यावर सकाळी हे दृश्य हमखास दिसते. दहा-अकरा वर्षांचे मूल पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन मागे लोंबकळत असते आणि कुत्रे दिसेल त्या झुडपाकडे धावत असते. मनगटाला वेढा देणे प्रथम बंद करावे, कारण ओढ बसल्यावर तो सुटत नाही आणि मूल तोंडावर आपटते. दोन पट्टे लावावेत, मुख्य पट्टा मोठ्याच्या हातात आणि दुसरा सैल पट्टा मुलाच्या हातात. कुत्र्याने ताण दिला की दोघांनीही जागीच थांबायचे, पट्टा सैल झाला की पुढे निघायचे. एवढे एकच तत्त्व न कंटाळता पाळले तर ओढण्याची सवय कमी होते, मात्र त्या काळात फिरणे म्हणजे अर्धा वेळ उभे राहणे असते हे मुलाला आधीच सांगावे.

गल्लीतली मोकाट कुत्री अंगावर आली तर मुलाने दुसरा पट्टा सोडून मोठ्याच्या मागे उभे राहावे, पळू नये. मुलाला वयाची चौदा-पंधरा वर्षे होण्याआधी एकट्याने फिरवण्यास पाठवू नये असे माझे मत आहे, आणि कुत्रे मुलापेक्षा जड असेल तर तेव्हाही नाही. मोपेडवर बसून पट्टा धरणे कोणीच करू नये. उन्हाळ्यात डांबरावर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहण्याचे काम मुलाकडे द्यावे, चटका बसला तर फिरणे संध्याकाळी. शी उचलण्याचा प्रश्न येतोच. ते काम शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. मोठ्यांनी नाक न मुरडता वर्तमानपत्राने उचलून दाखवले की मुलेही काही दिवसांत करतात, आणि हात धुण्याची सक्ती दोघांनाही सारखीच असावी, कारण कुत्र्याच्या पोटातले जंत मुलांना लागू शकतात.

जूनपर्यंत नीट चालले, पावसात सगळे मोडले

कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला की फिरणे खुंटते, ओल्या कुत्र्याचा वास घरभर होतो, आणि मुलांची लागलेली घडी विस्कटते. पावसाळ्यासाठी वेगळी कामे लावावीत, आणि त्यांपैकी सर्वांत उपयोगाचे म्हणजे बाहेरून आल्यावर पाय पुसणे. जुन्या टॉवेलने एकेक पंजा घ्यायचा, बोटे किंचित फाकवायची आणि मधली कातडी पाहायची. मग कानाची पाळी उलटून आतली बाजू, आणि गळपट्टा सरकवून त्याखालची जागा. रक्त पिऊन फुगलेली गोचीड एरंडाच्या बीसारखी राखी आणि टणक लागते, परंतु नुकतीच चिकटलेली बारीक तपकिरी गोचीड केसांत बोट फिरवल्याशिवाय सापडत नाही. मुलांची दृष्टी आणि बोटे या कामात मोठ्यांपेक्षा सरस ठरतात. सापडल्यावर त्यांनी फक्त दाखवायचे, ओढायचे नाही आणि नखाने चिरडायचे तर मुळीच नाही. मोठ्यांनी चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. रॉकेल लावणे किंवा काडीने चटका देणे टाळावे. गोचिडांमार्फत कुत्र्याला रक्ताचे आजार होतात, तेव्हा ताप, खाणे सोडणे, हिरड्या पांढुरक्या दिसणे यांपैकी काही आढळले तर पशुवैद्यांकडे न्यावे.

पंचगंगेचे पाणी चढले किंवा गल्लीत पाणी तुंबले, तर त्यातून कुत्र्याला चालवू नये आणि ते पिऊ देऊ नये. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यांना आणि माणसांना दोघांनाही होतो. कुत्र्यासाठी त्याची लस उपलब्ध आहे, ती दिली आहे का हे कुत्र्याच्या लसीच्या पुस्तिकेत पाहावे.

घरात कोंडलेले कुत्रे कंटाळून गादी फाडते तेव्हा मुलांना आणखी एक काम मिळते. डब्यातले कोरडे खाणे जुन्या चादरीच्या घड्यांत लपवून कुत्र्याला ते हुंगून शोधू द्यायचे. त्यात कुत्रे दमते आणि मुले हटत नाहीत. गणपतीतला आवाज आणि दिवाळीतले फटाके यांनी घाबरून कुत्रे कपाटामागे शिरले असेल तर त्याला बाहेर ओढू नये, एवढे मुलांना पुन्हा एकदा सांगावे.

परीक्षेच्या दिवसांत काम कमी करावे, बंद करू नये. पाण्याची वाटी तेवढी ठेवावी, बाकी मोठ्यांनी घ्यावे. पूर्ण सुटलेले काम परीक्षेनंतर परत येत नाही.

सगळे करूनही मूल लक्ष घालत नाही

पैसे देऊन काम करून घेण्याचा मार्ग अनेक पालक धरतात. माझ्या मते तो टिकत नाही, कारण पैसे नको असले त्या दिवशी काम नाकारण्याची सोयही त्यातच असते. त्यापेक्षा लसीची पुस्तिका मुलाच्या ताब्यात द्यावी. पशुवैद्यांकडे जाताना ती त्यानेच न्यावी, वजन त्यानेच लिहून घ्यावे, रेबीजच्या वार्षिक लसीची पुढची तारीख त्यानेच भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडावी. डॉक्टरांनी आईला न विचारता मुलाला विचारले, "खाणं कसं आहे याचं?", तर त्या एका प्रश्नाने जो फरक पडतो तो घरातल्या महिनाभराच्या बोलण्याने पडत नाही.

तरीही एखाद्या मुलाला कुत्र्यात रस नसतोच, आणि तसे असण्यात काही वावगे नाही. अशा वेळी पाण्याच्या वाटीपलीकडे आग्रह धरू नये. "काम केलं नाहीस तर कुत्रं नेऊन सोडीन" ही धमकी मात्र कधीही देऊ नये. उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत जनावर वाऱ्यावर सोडणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960च्या कायद्याखाली गुन्हा आहे. घरात कोणाकडूनच होत नसेल तर मोठ्यांनी स्वतः ओळखीत दुसरे घर शोधावे, तिथे आधी जाऊन जागा पाहावी, आणि देताना लसीची पुस्तिका, नेहमीचे खाणे, वापरातली वाटी आणि अंथरूण सोबत द्यावे. कुत्रे गुरगुरत असेल किंवा एकदा चावलेले असेल तर ते न लपवता सांगावे, विशेषतः त्या घरात लहान मूल असेल तर.